घातांक निम्मा केला, मग उत्तर चुकलं कुठं?

√(क्ष¹⁰) चं सोपं रूप विचारलं की नववी-दहावीचं लेकरू जराही न थांबता क्ष⁵ लिहितं आणि पुढच्या गणिताकडे वळतं. घातांक निम्मा करायचा, झालं. आता त्याच उत्तरात क्षच्या जागी −१ ठेवून बघा. (−१)¹⁰ म्हणजे १, त्याचं वर्गमूळ १. आणि (−१)⁵ म्हणजे −१. डावीकडे १, उजवीकडे −१, आणि मधे बरोबरीचं चिन्ह.

बालभारतीच्या नववीच्या गणित भाग १ मध्ये ‘वास्तव संख्या’ या एकाच प्रकरणात करणीही (√२ सारखी, पूर्ण न सुटणारी मुळं) आहे आणि केवलमूल्यही (चिन्ह सोडून उरलेली संख्येची किंमत). घातांकांचे नियम त्याच्याही आधी, आठवीच्या ‘घातांक व घनमूळ’मध्ये येऊन गेलेले असतात. म्हणजे लागणारं सगळं सामान लेकरांच्या दप्तरात आहे. फक्त करणी एका आठवड्यात संपते, केवलमूल्य दुसऱ्या, आणि दोघांची गाठ घालून द्यायची राहून जाते. माझ्या मते या विषयातल्या निम्म्या चुका तिथूनच निघतात.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधीच सांगतो. पुस्तकात चल इंग्रजी अक्षरांत असतात. इथं जुन्या पद्धतीनं क्ष, य, अ, ब घेतलेत. वहीत मूळचिन्हाची आडवी रेघ जिथवर जाते तिथवरचं सगळं आत, असं समजतो. इथं ती रेघ काढता येत नाही, म्हणून आतला मजकूर कंसात टाकलाय.

आधी जोड्या लावा

वर्गमूळ म्हणजे उलटा प्रश्न: कशाला त्यानंच गुणलं की हे मिळेल? क्ष⁶ कसा मिळतो? क्ष³ × क्ष³ केलं की, कारण पाया समान असला की घातांकांची बेरीज होते आणि ३ + ३ = ६. निम्मं करण्याचा नियम इथून आला. तो पाठ करण्याची गोष्ट नाही, बेरजेच्या नियमाचंच दुसरं टोक आहे.

घातांक विषम असला की निम्मं जमत नाही. क्ष⁷ सुटा करून लिहा:

क्ष⁷ = (क्ष·क्ष)·(क्ष·क्ष)·(क्ष·क्ष)·क्ष

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रभातफेरीत दोन-दोनची रांग लावली आणि पोरं सात असली तर तीन जोड्या होतात, एक जण मागं एकटा उरतो. इथंही तेच. प्रत्येक जोडीतून एक क्ष मूळचिन्हाच्या बाहेर येतो, उरलेला एकटा आतच राहतो.

√(क्ष⁷) = √(क्ष⁶ · क्ष) = क्ष³√क्ष

सवय झाली की जोड्या काढत बसायची गरज नाही. विषम घातांकातून एक वजा करा, जे सम उरलं ते निम्मं करून बाहेर, वजा केलेला एक आत. √(क्ष¹⁵) मध्ये १५ चे १४ आणि १, म्हणून क्ष⁷√क्ष. परिमेय घातांक आवडणाऱ्यांनी याच गोष्टीकडे भागाकार म्हणून बघावं: १५ ला २ नं भागलं, भागाकार ७ बाहेर, बाकी १ आत.

आकड्याचं वेगळं, घातांकाचं वेगळं

पोरांची समज तपासायची असेल तर एकच गणित पुरतं:

√(१६क्ष¹⁶)

कुणी ८क्ष⁸ लिहितो. कुणी ४क्ष⁴. दोन्ही चूक, आणि दोन्हींमधून चूक कुठली ते लगेच कळतं. पहिल्यानं सगळंच निम्मं केलं, दुसऱ्यानं सगळ्याचंच वर्गमूळ काढलं. सहगुणक १६ ही संख्या आहे, तिचं वर्गमूळ ४. घातांक १६ ही मात्र क्ष किती वेळा गुणला त्याची मोजणी आहे, ती निम्मी होऊन ८. बरोबर उत्तर ४क्ष⁸. असंच √(क्ष⁹) चं उत्तर क्ष³ नाही, क्ष⁴√क्ष आहे. ९ दिसला की हात आपोआप ३ लिहितो, तेवढा आवरायचा.

सहगुणक पूर्ण वर्ग नसेल तर त्यातला सगळ्यात मोठा पूर्ण वर्ग शोधा. ७२ मध्ये ४ पण आहे, ९ पण आहे, मात्र सगळ्यात मोठा ३६. लहान वर्ग काढला तरी बिघडत नाही, फक्त पुन्हा काढावा लागतो: √७२ = ३√८, आणि ८ मध्ये अजून ४ लपलेला आहेच. तो तसाच ठेवला तर ‘सोपं रूप’ झालं नाही. मोठा वर्ग सुचत नसेल तर सरळ मूळ अवयव पाडा, ७२ = २·२·२·३·३, आणि जोड्या लावा. चलाला जे केलं तेच.

एक अख्खं गणित बघू:

√(७२अ⁵ब⁸)
= √(३६ · २ · अ⁴ · अ · ब⁸)
= √(३६अ⁴ब⁸) · √(२अ)
= ६अ²ब⁴√(२अ)

मधली, दोन मूळचिन्हांची पायरी पुष्कळ जण गाळतात. सुरुवातीला गाळू नका. डावीकडच्या मूळचिन्हात जे जे पूर्ण सुटतं ते, उजवीकडे राहिलेलं भंगार. एका ओळीत सगळं ओढलं की कुठला अ आत गेला आणि कुठला बाहेर आला याचा हिशेब लागत नाही.

पडताळा उलटा घ्या, वेळ लागत नाही. उत्तराचा वर्ग करा: ३६ · अ⁴ · ब⁸ · २अ = ७२अ⁵ब⁸. मूळ राशी परत आली. आत अजून काही सुटण्यासारखं उरलंय का हेही याच वेळी बघायचं: २ मध्ये पूर्ण वर्ग नाही, अ चा घातांक २ पेक्षा कमी आहे. संपलं.

पेपर तपासताना एक गोष्ट हमखास दिसते. ६अ²ब⁴√२ लिहून रेघ २ वरच थांबवलेली आणि अ तिच्या पुढं लटकलेला. तो अ आत की बाहेर? लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, तपासणाऱ्यानं काय समजायचं? √ हे चिन्ह १५२५ साली क्रिस्टॉफ रुडॉल्फ या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात छापलं गेलं, आणि वरची आडवी रेघ देकार्तनं १६३७ मध्ये त्याला जोडली. म्हणजे शंभरावर वर्षांनी का होईना, तिची गरज पडलीच. ती शेवटच्या अक्षराच्या थोडी पुढंपर्यंत ओढा.

त्या दोन उभ्या रेघा

आता सुरुवातीच्या गणिताकडे. √ हे चिन्ह नेहमी धन वर्गमूळ दाखवतं, किंवा शून्य. √२५ = ५, ±५ नाही. क्ष² = २५ या समीकरणाची उकल मात्र ५ आणि −५ अशी दोन. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेलं की पाटणादेवी लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात हे स्वच्छ सांगून ठेवलंय: धनाचा वर्ग धन, ऋणाचाही वर्ग धन, म्हणून धनाची मुळं दोन, ऋणाला मूळ नाही, कारण तो कुणाचा वर्गच नाही. आपण आज त्या दोन मुळांपैकी धन मुळालाच √ हे चिन्ह देतो, एवढाच करार.

या करारामुळं √(क्ष²) चं उत्तर क्ष नसून |क्ष|, म्हणजे क्षचं केवलमूल्य, आहे. क्ष = −३ असेल तर क्ष² = ९, वर्गमूळ ३, आणि ३ म्हणजे |−३|.

प्रत्येक ठिकाणी रेघा मारायच्या का? नाही. आतला घातांक सम आहे, आणि निम्मा केल्यावर बाहेर आलेला घातांक विषम झाला, तर रेघा लागतात. बाहेर आलेला घातांक सम असेल तर ती राशी ऋण होऊच शकत नाही, मग रेघा कशाला?

√(क्ष⁴) = क्ष²
√(क्ष⁶) = |क्ष³|
√(क्ष⁸) = क्ष⁴
√(क्ष¹⁰) = |क्ष⁵|

आणि आतला घातांक विषम असेल तर? √(क्ष⁷) मध्ये क्ष ऋण घेतला तर क्ष⁷ ऋण होतो, आणि वास्तव संख्यांत त्याला वर्गमूळच नाही. म्हणजे प्रश्न विचारला तेव्हाच क्ष ऋण नाही हे ठरून गेलं. क्ष³√क्ष ला रेघा लागत नाहीत.

बहुतेक क्लासमध्ये शिकवणं इथं थांबतं. पण दोन चल आले की ‘विषम असेल तर रेघा नको’ हा नियम फसवतो. √(अ³ब) घ्या. दोन्ही घातांक विषम. सवयीनं उत्तर येतं अ√(अब). आता अ = −२ आणि ब = −८ ठेवा. अ³ = −८, त्याला −८ नं गुणलं की ६४, वर्गमूळ ८. सगळं कायदेशीर. आणि आपल्या उत्तरात? अब = १६, √१६ = ४, गुणिले −२, म्हणजे −८. चुकलं. अ आणि ब दोघंही ऋण असले तरी गुणाकार धन होतो, म्हणून ‘अ ऋण नाही’ असं गृहीत धरता येत नाही. बरोबर उत्तर:

√(अ³ब) = |अ|√(अब)

याच कारणानं √(अब) चं √अ · √ब करतानाही जपून. अ आणि ब यांपैकी एकही ऋण नसेल तरच हे तोडणं चालतं. वरच्या −२ आणि −८ ला सुटं केलं तर √(−२) वर येऊन अडकाल. मागं ७२अ⁵ब⁸ फोडताना हा प्रश्न का आला नाही? डावीकडचं ३६अ⁴ब⁸ ऋण होऊच शकत नाही, आणि अ⁵ मुळं अ ऋण नाही हे आधीच ठरलेलं. ब शून्य असेल तर सगळंच शून्य.

‘सर, परीक्षेत रेघा नाही मारल्या तर गुण जातात का?’ हा प्रश्न ठरलेला. प्रश्नाच्या शेवटी ‘सर्व चल धन आहेत’ असं लिहिलेलं असेल तर रेघांची गरजच नाही, मारल्या तरी उत्तर चूक होत नाही. तसं लिहिलेलं नसेल तर मारा. अकरावीनंतर पर्यायी प्रश्नांच्या परीक्षा सुरू होतात; तिथं क्ष आणि |क्ष| हे दोन पर्याय शेजारी-शेजारी बसवले तर घाईतलं लेकरू पहिल्यावरच खूण करतं.

बेरजेला हात लावू नका

मूळचिन्हाच्या आत गुणाकार असेल तर तोडता येतो. बेरीज असेल तर नाही. √(क्ष² + ९) चं क्ष + ३ करणारे दरवर्षी भेटतात. क्ष = ४ ठेवा: √२५ = ५, आणि ४ + ३ = ७. विषय मिटला.

पण बेरीज दिसली की हात टेकायचे असंही नाही. आधी अवयव पडतात का बघायचं.

√(क्ष⁴ + क्ष²) = √(क्ष²(क्ष² + १)) = |क्ष|√(क्ष² + १)

√(क्ष² + ६क्ष + ९) = √((क्ष + ३)²) = |क्ष + ३|

दुसऱ्यात तर पूर्ण वर्ग त्रिपदी लपलेली होती. रेघा पुन्हा आल्या, कारण क्ष = −१० असेल तर क्ष + ३ ऋण आहे.

मूळचिन्हाच्या बाहेरची बेरीज ही निराळी गोष्ट. तिथं आधी प्रत्येक पद सोपं करा, मग सजातीय करणी, म्हणजे मूळचिन्हाच्या आत सारखीच राशी असलेल्या, एकत्र करा. सोपं केल्याशिवाय ती सजातीय आहेत हे डोळ्यांना दिसतच नाही.

√(५०क्ष³) + √(८क्ष³) − क्ष√(१८क्ष)
= ५क्ष√(२क्ष) + २क्ष√(२क्ष) − ३क्ष√(२क्ष)
= ४क्ष√(२क्ष)

क्ष = २ ठेवून पडताळा: २० + ८ − १२ = १६. उत्तरात ४ × २ × √४ = १६. क्षची किंमत अशी निवडायची की वर्गमूळं पूर्ण निघतील; इथं २क्ष पूर्ण वर्ग व्हावा म्हणून २ घेतले.

छेद आणि ऋण घातांक

अपूर्णांक दिसला की आधी आतल्या आत संक्षेप. √(१२अ⁷ / २७अ³) मध्ये अंशाचं वेगळं, छेदाचं वेगळं वर्गमूळ काढत बसलात तर पान भरेल. आधी काटाकाट केली की ४अ⁴/९ उरतं आणि उत्तर २अ²/३. अर्थात अ शून्य नसताना.

छेदात करणी उरत असेल तर परिमेयीकरण. या भागापुरते चल धन समजू. √(७अ³ / ८ब) मध्ये अंश-छेदाला ८ब नं गुणायची गरज नाही. ८ ला पूर्ण वर्ग व्हायला फक्त एक २ कमी आहे, ब ला एक ब. म्हणून २ब पुरे:

√(७अ³ / ८ब) = √(१४अ³ब / १६ब²) = अ√(१४अब) / ४ब

ऋण घातांकात गंमत आहे. √(क्ष⁻⁵) मध्ये −५ मधून एक वजा करून −६ घ्यायचा, धनाकडचा −४ नाही. क्ष⁻⁵ = क्ष⁻⁶ · क्ष, म्हणून उत्तर क्ष⁻³√क्ष, म्हणजे √क्ष / क्ष³. −४ घेतला असता तर आत क्ष⁻¹ उरला असता, म्हणजे छेद मूळचिन्हातच अडकला असता. ‘विषमातून एक वजा’ हा नियम इथंही तसाच चालतो.

घनमुळाला हेच सगळं, फक्त २ च्या जागी ३ आणि जोडीच्या जागी तिघांचा गट. केवलमूल्याची भानगड तिथं नाही, कारण ऋण संख्येचं घनमूळ ऋण असतं आणि चालतं.

शेतात लागणारं वर्गमूळ

‘याचा उपयोग काय’ विचारणाऱ्या पोराला मी सातबाऱ्याकडे नेतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो पूर्ण वर्ग आहे: ३३ × ३३. म्हणून गुंठ्यांची संख्या ‘न’ धरली तर तेवढ्या चौरस तुकड्याची बाजू

√(१०८९न) = ३३√न फूट

एवढं एकदा सोपं करून ठेवलं की पुढं प्रत्येक वेळी मोठ्या आकड्याचं वर्गमूळ काढावं लागत नाही. ४ गुंठे? ६६ फूट. ९ गुंठे? ९९. एकर म्हणजे ४० गुंठे, ३३√४० = ६६√१०, साधारण २०८.७ फूट. चौरस एकराला कुंपण घालायचं तर चारही बाजू मिळून सुमारे ८३५ फूट तार, एका फेराला. इथं केवलमूल्य लागत नाही. ऋण गुंठे कुणाच्या नावावर नसतात.

तुकडा चौरस नसून लांबी रुंदीच्या दुप्पट असेल तर? रुंदी र धरा. २र² = १०८९न, म्हणून

र = √(१०८९न / २) = √(१०८९ · २न / ४) = ३३√(२न) / २

न = ८ ठेवा: √१६ = ४, रुंदी ६६ फूट, लांबी १३२. गुणाकार ८७१२, आणि ८ × १०८९ पण ८७१२.

करून बघा

अ) √(९८क्ष¹¹)
आ) √(२५अ¹⁰ब⁴)
इ) √(क्ष² − १०क्ष + २५)
ई) २० गुंठ्यांच्या चौरस तुकड्याची बाजू
उ) √(क्ष⁵य³), चल धन आहेत असं दिलेलं नाही

उत्तरं: अ) ७क्ष⁵√(२क्ष). आ) ५|अ⁵|ब², ब² ला रेघा नकोत. इ) |क्ष − ५|. ई) ६६√५ फूट, साधारण १४७.६. उ) क्ष²|य|√(क्षय). इथं क्ष आणि य दोघंही ऋण असू शकतात, म्हणून बाहेर आलेल्या यला रेघा लागल्या. क्ष² चा घातांक सम असल्यामुळं तो सुटला. पटत नसेल तर क्ष = −१, य = −४ ठेवून दोन्ही बाजू काढा, दोन्हीकडे ८ येतात.